अखेरची शिल्लक : ३८ सीसी

माझी सगळी नोकरी बँकेच्या ऑडिट खात्यात गेली. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्यांत चुका शोधल्या आणि ज्या दिवशी सापडल्या नाहीत त्या रात्री मला झोप लागली नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत दूधवाला, इस्त्रीवाला आणि सोसायटीचा मेंटेनन्स एवढं ऑडिट उरकलं. इस्त्रीवाला तेव्हापासून आमच्या विंगला बगल देऊन जातो. पुढे तपासायला काहीच उरलं नाही, तेव्हा माझ्या शरीरानंच मोठ्या मनानं आपलं दप्तर पुढे केलं.

जुलै महिना, पहाटेचे तीन. मुलुंड पूर्वेच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर मी झोपेतून ताडकन उठून बसलो. उजव्या कुशीत पाठीमागून कोणीतरी पेचकस लावला होता आणि तो जांघेच्या दिशेनं पिळत चाललं होतं. पाच मिनिटांत मी तीन निदानं केली : गॅस, अपेंडिक्स आणि हार्ट अटॅक. त्यातलं सगळ्यात वजनदार निवडून बायकोला उठवलं.

"कुठे दुखतंय?"

"उजवीकडे."

"हृदय डावीकडे असतं, अहो," असं म्हणून तिनं कूस बदलली.

पोटाच्या काही दुखण्यांत हललं की जास्त दुखतं, म्हणून माणूस निपचित पडून राहतो. या कळेत मात्र एका जागी राहताच येत नाही. उभं राहिलं की बसावंसं वाटतं, बसलं की लोळावंसं, लोळलं की पुन्हा उभं राहावंसं. मी हॉल ते बाल्कनी येरझाऱ्या घालत होतो. आतून आवाज आला, "उद्यापासून वॉचमनला सुट्टी देऊन टाकू."

सकाळी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. वय सत्तरीपार, दवाखाना दहा बाय दहाचा, आणि सगळ्यात आधुनिक यंत्र म्हणजे भिंतीवरचा पंखा. त्यांनी मला पाठमोरं बसवलं, बरगडीखाली तळहात ठेवला आणि त्यावर मुठीनं हलकीशी बुक्की मारली. मी पंख्याला भेटून खाली आलो.

"खडा," डॉक्टर म्हणाले.

"कशावरून?"

"तुम्ही उडालात त्यावरून. दिवसाला पाणी किती पिता?"

"चहा धरून?"

त्यांनी माझ्याकडे काही क्षण पाहिलं, इंजेक्शन दिलं आणि सोनोग्राफी लिहून दिली. "खडा केवढा आहे, कुठे आहे, किडनीवर ताण आलाय का, एवढं कळलं की पुरे."

कळ थांबली, पण मन मानेना. व्हाउचर नाही, पुरावा नाही, नुसत्या बुक्कीवर निष्कर्ष? अशा शेऱ्यावर मी कधीच सही केली नसती.

अंधेरीच्या मेहुण्याचा फोन आला. याची मुंबईभर ओळख असते. "भाऊजी, मुलुंडला कशाला करता? घाटकोपरला आपला माणूस आहे. वीस टक्के डिस्काउंट." चौदाशेचे वीस टक्के म्हणजे दोनशे ऐंशी रुपये. माणूस दोनशे ऐंशी रुपयांसाठी काय काय सोसतो याचा अंदाज मला तेव्हा नव्हता.

सेंटरवरून फोनवर सूचना मिळाली : तासभर आधी चार ग्लास पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका. कारण मी वाचून ठेवलं होतं. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी द्रवातून सुखानं जातात, हवेला मात्र अडखळतात. भरलेलं मूत्राशय आतड्यांना बाजूला सारतं आणि खिडकीचं काम करतं. ते ठीकच. पण तरतूद नेहमी जास्तीची असावी हा माझा चौतीस वर्षांचा संस्कार. मी आठ ग्लास प्यायलो.

मुलुंडला स्लो गाडी पकडली. नाहूरपर्यंत मी प्रसन्न होतो. भांडुपला पायावर पाय टाकला. कांजूरमार्गला पाय बदलला. कांजूर आणि विक्रोळीच्या मध्ये गाडी थांबली. बाहेर पाऊस पत्र्यांवरून, पन्हाळींतून, पुलाच्या सांध्यांतून, दिसेल तिथून खळाळत होता. सगळ्या सृष्टीला मोकळीक होती, फक्त मला नव्हती. समोरच्या गृहस्थांनी बाटली उघडून घटाघट पाणी प्यायला सुरुवात केली. मी डोळे मिटले आणि तेरीजपत्रक आठवू लागलो; नावे आणि जमा, नावे आणि जमा. नुसती जमाच आठवत होती.

घाटकोपरला उतरून मी चाललो ते पाहून एका मुलानं आपण होऊन हात धरला आणि विचारलं, "काका, गुडघे का?"

सेंटरच्या काउंटरवर मुलगी म्हणाली, "प्रेशर आलंय का?"

"आलंय."

"थोडं की फुल?"

"ताई, याहून फुल होण्याची सोय नाही."

"मग बसा. तुमच्या आधी चार पेशंट आहेत."

समोर भिंतीवर पाटी होती : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. ही पाटी देशभरच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये लागते ती १९९४ च्या केंद्रीय कायद्यामुळे. पण त्याआधी, १९८८ मध्ये, असा कायदा देशात सर्वप्रथम केला तो महाराष्ट्रानं. मी ती पाटी बावीस वेळा वाचली. मधूनच खाली पोटाकडे नजर गेली आणि वाटलं, आत्ता या क्षणी ही पाटी मलाही लागू आहे.

शेवटी आत घेतलं. टेबलावर आडवा झालो. गार जेलीचा पचका पोटावर पडला आणि त्यावर डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा दट्ट्या नेमका तिथेच दाबला, जिथे दाबू नये अशी माझी जगाला एकमेव विनंती होती. लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी मी यंत्राचा पूर्वेतिहास आठवला. हे तंत्र मुळात धातूतल्या भेगा शोधायला कारखान्यांत वापरत. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड १९५५ मध्ये स्त्रियांच्या शस्त्रक्रियांत काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत भरून एका बॉयलर कंपनीत गेले आणि तिथल्या यंत्राखाली ठेवून पाहिल्या. घट्ट गाठ आणि पाण्याची गाठ यंत्राला वेगवेगळी दिसली. तीन वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यांचा गाजलेला लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. थोडक्यात, जे यंत्र बॉयलर फुटेल का ते सांगायचं, त्याच्याच वंशजाखाली मी पडलो होतो आणि प्रश्नही तोच होता.

"हे बघा," बाई म्हणाल्या. किडनीतल्या एका बारीक ठिपक्यावर त्यांनी रंगीत डॉप्लर लावला आणि ठिपका लाल-निळा लुकलुकू लागला. खडबडीत खड्यावर असा रंगांचा आभास होतो. खडा ओळखण्याची ती एक खूण. माझ्या आत दिवाळीची माळ लागली होती. "हा तीन मिलिमीटर. पण हा तुमच्या कळेचा धनी नाही, तो खाली उतरलेला असणार. आता मोकळे होऊन परत या."

त्या वाक्याचं वर्णन मी करणार नाही. अध्यात्माची पुस्तकं ज्या अनुभवाबद्दल नेति नेति म्हणतात, तो घाटकोपरला दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला आहे.

परत आल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं. रिपोर्टात आलं : आधी ६४० सीसी, नंतर ३८ सीसी. मला भरून आलं. आरंभीची शिल्लक, अखेरची शिल्लक. वैद्यकशास्त्रात आपल्या खात्याची माणसं आहेत तर!

बाकीचा रिपोर्ट मात्र मला घाबरवून गेला. फॅटी लिव्हर, ग्रेड एक. डाव्या किडनीवर अकरा मिलिमीटरची साधी सिस्ट. प्रोस्टेट किंचित मोठी. उजवी किडनी थोडी फुगलेली. मूत्रनलिकेचा मधला भाग "आतड्यातील गॅसमुळे दिसू शकला नाही". आणि तळाशी : "कृपया क्लिनिकली कोरिलेट करावे." हे वाक्य वाचून मी ताठ बसलो. चौतीस वर्षं मी माझ्या प्रत्येक रिपोर्टाखाली लिहीत आलो होतो, "सदर बाबींची शाखाधिकाऱ्यांनी खात्री करून घ्यावी." म्हणजे मी लिहिलंय, पुढचं तुम्ही बघा. हे वाक्य किती निरुपद्रवी असतं हे जगात मला जितकं माहीत होतं तितकं कोणालाच नसेल. तरीही मला घाम फुटला. वही स्वतःची असली की ऑडिटरही शाखाधिकाऱ्यासारखाच लटपटतो.

बायकोनं सगळ्या रिपोर्टातलं एकच वाक्य वाचलं. "गॅसमुळे दिसलं नाही. मी वीस वर्षं सांगतेय. आता लेखी आलं."

डॉक्टरांनी सीटी केयूबी लिहून दिली, म्हणजे किडनी, मूत्रनलिका आणि मूत्राशयाचा साधा सीटी स्कॅन, शिरेतून औषध न देता. औषधही चित्रात पांढरं दिसतं आणि खडाही, म्हणून खडा शोधताना ते टाळतात. मेहुण्याचा फोन तयारच होता. अंधेरी. घाटकोपरहून मेट्रो. पहिल्या अनुभवानं शहाणा होऊन मी त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही आणि मेट्रोतून उतरताना मला स्वतःचा अभिमान वाटला.

"ब्लॅडर फुल आहे ना?" काउंटरवरच्या मुलानं विचारलं. खडा अगदी मूत्राशयाच्या तोंडाशी असला तर भरलेल्या मूत्राशयात तो नीट कळतो. मी मान हलवली. त्यानं एक लिटरची बाटली पुढे केली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "तिथे बसा."

दीड तासानं आत गेलो. गाऊन दिला, त्याच्या नाड्या नेमक्या कुठे बांधायच्या ते मात्र सांगितलं नाही. मी विचार करून पुढून बांधल्या. "काका, उलटा घातलाय," असं ऐकू आलं तेव्हा मी अर्ध्या वाटेत होतो आणि खोलीत तीन माणसं होती.

यंत्र म्हणजे मोठा मेदूवडा. आपण भोकातून आत जायचं. याचा जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा इंग्रज इंजिनिअर ईएमआय कंपनीत होता, म्हणजे ज्या घराण्याच्या कुत्र्याच्या चित्राच्या एचएमव्ही तबकड्या आपल्या वडिलांनी जपून ठेवल्या, त्याच घराण्यात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये त्याच्या यंत्रात पहिला रुग्ण गेला आणि १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅक यांच्यासह त्याला नोबेल मिळालं. त्याच्या नावाचं मापही आहे : पाणी शून्य, हवा उणे एक हजार, हाडं आणि खडे अधिक बाजूला. माझ्या पोटातला गॅस उणे हजार. आयुष्यात प्रथमच माझा तोटा इतक्या नेमकेपणी मोजला जात होता.

यंत्रातून ध्वनिमुद्रित आवाज आला : श्वास घ्या, रोखून धरा. मी धरला. टेबल पुढे गेलं, मागे आलं. दिवे बदलले. मी सरकारी आदेश मानणारा माणूस; "सोडा" म्हटल्याशिवाय सोडणार नव्हतो. कानात शंख वाजू लागले. दार उघडून टेक्निशियन म्हणाला, "काका, कधीच झालं. श्वास घ्या ना!" आवाजानं सांगितलंही असेल, पण तेव्हा मी बहुधा ऐकण्याच्या पलीकडे गेलो होतो.

रिपोर्ट आला. उजव्या मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला ४.२ मिलिमीटरचा खडा. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी रिपोर्ट तळापर्यंत वाचणाऱ्या जातीचा. पोटाच्या स्कॅनमध्ये फुप्फुसाचा तळही येतो. तिथे "योगायोगाने" ४ मिलिमीटरची गाठ दिसली होती. महाधमनीच्या भिंतीत "थोडं कॅल्सिफिकेशन". आणि शेवटी तेच, कृपया कोरिलेट करावे.

किडनी, फुप्फुस, रक्तवाहिन्या. एका खड्यानं माझी तीन खाती उघडून दिली.

डॉक्टरांना न विचारता मी दुसऱ्या दिवशी छातीचा एक्स-रे काढून आलो. वास्तविक पोटाच्या नेहमीच्या सीटीला छातीच्या एका एक्स-रेच्या ढोबळमानानं शंभरेक पट किरण लागतात (खड्यासाठी तो डोस कमी ठेवता येतो) आणि त्या मोबदल्यात तो कितीतरी बारीक पाहतो. सीटीला दिसलेली चार मिलिमीटरची गाठ एक्स-रेत शोधणं म्हणजे संगणकानं केलेली बेरीज बोटांवर मोजून पडताळणं. पण मी तेच करत आलो आहे, आयुष्यभर.

छाती प्लेटला टेकवून, खांदे पुढे ढकलून उभं राहायचं, म्हणजे खांद्याची हाडं फुप्फुसावरून बाजूला होतात. "गळ्यातलं काढा," मुलगा म्हणाला होता. गळ्यात खंडोबाचं लॉकेट. आईला शब्द दिलाय, अंगावरून उतरवणार नाही. मी ते गुपचूप फिरवून पाठीवर टाकलं. माझा तर्क असा, की छाती काढतायत, पाठीला कोण विचारतंय? विल्हेल्म रॉन्टगेननं ८ नोव्हेंबर १८९५ ला हे किरण शोधले आणि दीडेक महिन्यातच बायकोच्या हाताचं चित्र काढलं, त्यात हाडांबरोबर बोटातली अंगठीही ठसठशीत आली. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा धडा मला पाठ होता. उपयोग झाला नाही.

रिपोर्टात : "उजव्या बाजूला वरच्या भागात गोलाकार, धातूसदृश घनतेची सावली. कोरिलेट करावे."

त्या रात्री मी बायकोला पेन्शनची फाइल, लॉकरची किल्ली आणि गॅसच्या सबसिडीचं खातं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "पासवर्ड पण लिहा," म्हणाली.

त्यातच सकाळी पोटरी दुखू लागली. वाचलं होतं, पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. फुप्फुसाचं खातं उघडं होतंच. तडक पायाचा डॉप्लर केला, अठ्ठावीसशे रुपये. पोटरी का दुखत होती हे तपासणीच्या टेबलावर आठवलं : जिने चढउतार केले की खडा खाली सरकतो असं व्हॉट्सॲपवर वाचून मी आदल्या दोन दिवसांत तीन मजले चाळीस वेळा केले होते.

डॉप्लर हा प्रागमध्ये शिकवणारा ऑस्ट्रियन पदार्थवैज्ञानिक. १८४२ मध्ये त्यानं जोडताऱ्यांच्या रंगांवर निबंध वाचला. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये उट्रेख्टजवळ त्याची परीक्षा झाली ती आगगाडीवर तुतारीवाले बसवून : गाडी जवळ येताना सूर चढतो, लांब जाताना उतरतो. मुलुंडच्या फलाटावर उभ्या असलेल्या कोणालाही हे विचारा. फास्ट गाडीचा भोंगा आपल्याला ओलांडून गेला की खाली घसरतो. तेच रक्ताच्या पेशींचं. यंत्राच्या स्पीकरमधून माझं रक्त हुश्श-हुश्श वाहताना ऐकलं आणि स्वतःबद्दल जरा आदर वाटला.

गुठळी शोधायची पद्धत मात्र साधी आहे. दट्ट्यानं शीर दाबायची. निरोगी शीर चपटी होते, गुठळी असेल तर होत नाही. डॉक्टर दाबत गेले आणि माझी प्रत्येक शीर विनातक्रार दबत गेली. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाच्या शिरा त्या. दाबल्या की दबतात.

सगळी फाइल घेऊन मी गल्लीतल्या डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी एक्स-रेची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली, बराच वेळ पाहिली, मग उठून माझ्या कॉलरमागे हात घातला आणि दोरा ओढून लॉकेट पुढे आणलं.

"हा ट्यूमर नाही. हा खंडोबा आहे. येळकोट येळकोट."

नर्स बाहेर निघून गेली. तिचं हसणं जिन्यापर्यंत ऐकू आलं.

मग त्यांनी एकेक पान उलटलं. चार मिलिमीटरची गाठ? तुम्ही कधी विडी ओढली नाहीत, घरात कॅन्सर नाही; सहा मिलिमीटरपेक्षा लहान असली तर धोका कमी असलेल्या माणसाला पुन्हा स्कॅनही लागत नाही, फ्लाइशनर सोसायटीच्या २०१७ च्या सूचना तेच सांगतात. महाधमनीतलं कॅल्शियम? वयाचं आहे, पण बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासू. सिस्ट? या वयात पुष्कळांना असते. फॅटी लिव्हर? चालायला लागा, जिन्यावर नव्हे.

"म्हणजे सगळं फुकट गेलं?"

"सोनोग्राफी लागत होती. सीटीही ठीक. खडा पाचच्या आत आहे, असे बहुतेक आपले आपण पडतात, म्हणून मी तुम्हाला सर्जनकडे पाठवत नाहीये. हाच मोठा असता, किंवा ताप-थंडी असती, तर आज तुम्ही इथे नसता, ॲडमिट असता. यंत्रांनी त्यांचं काम केलं." फाइल बंद करत ते म्हणाले, "पुढचे दोन तुमचे छंद. आणि ते रिपोर्टाखाली लिहितात ना, कोरिलेट करा, ते तुम्हाला नाही, मला लिहितात."

मग चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या : दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी. चहाची गाळणी एक.

बायकोनं स्टेशनजवळून सारख्या दिसणाऱ्या दोन गाळण्या आणल्या, तीस-तीस रुपयांच्या; घरातली जुनी फाटलीच होती. माझ्या गाळणीला लाल दोरा बांधला. पुढचे सहा दिवस मी ती घेऊन जायचो आणि धुऊन परत आणायचो. मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी एक कळ आली आणि जाळीवर टिक् असा आवाज झाला.

मी तो बशीत ठेवला. पिवळट, काटेरी, साबुदाण्याएवढा. संध्याकाळी मेहुणा समाचाराला आला, त्यानं विचारलंच, "हा साबुदाणा वेगळा का काढून ठेवलाय?"

"हा ह्यांचा," बायको म्हणाली. "नऊ हजार नऊशे वीस रुपयांचा. तुझं डिस्काउंट वजा जाता."

खडा तपासायला पाठवला. कॅल्शियम ऑक्झलेट, सगळ्यात जास्त आढळतो तोच. माझ्या खड्यातही काही वैशिष्ट्य निघालं नाही. दुसरा, तीन मिलिमीटरचा, अजून किडनीत आहे. त्याला मी मुदत ठेव म्हणतो. अखेरच्या शिल्लकेची नोंद फाइलला लावून ठेवली आहे.

एकच बाब प्रलंबित आहे. खडा पडल्यावर बायकोनं माझी गाळणी कचऱ्यात टाकली. निदान ती तसं म्हणते. पण लाल दोरा तर शनिवारीच सुटून मोरीत पडलेला मी पाहिला होता. आता ओट्यावर एक गाळणी लटकते, चकचकीत. मेहुणा आमच्याकडे आला की हल्ली "नको, सरबत चालेल" म्हणतो.

परवा सकाळी तिनं चहा गाळून कप पुढे ठेवला. माझ्या तोंडाशी प्रश्न आला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच मी एक शंका विचारायची टाळली आणि कप उचलला. चहा चांगला झाला होता.